पोरनी मोटर

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो: मी वाळूचोर नाही. आमच्या सोसायटीतले दोन-तीन जण अजूनही जिन्यात भेटले की "काय नवीनराव, आज किती ब्रास?" असं विचारतात आणि स्वतःच खो खो हसतात. हसू देत बापडे. मी महसूल खात्यात सोळा वर्षं काढलेला माणूस आहे आणि माझं टेबल गौण खनिजाचं आहे. गौण खनिज म्हणजे वाळू, मुरूम, माती, दगड. तालुक्यात कुणी विनापरवाना वाळू उचलली की त्याला जी नोटीस जाते, तिचा मसुदा माझ्या हातचा असतो. अशा माणसाने वाळू चोरावी का? तर चोरली. म्हणजे चोरली नाही, घेतली. आणि ती घेतली माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या बटणासाठी. पण हे कुणी ऐकूनच घेत नाही.

झालं असं. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मनूच्या शाळेत पालकसभा होती. मनू म्हणजे मृण्मयी, आमची एकुलती एक, नर्सरीत. तिच्या वर्गाच्या हुमा मॅडम वयाने पंचविशीच्या, आवाज इतका गोड की वाईट बातमीसुद्धा कौतुक केल्यासारखी वाटावी. त्या म्हणाल्या, "मृण्मयी गाणी छान म्हणते, रंग ओळखते, कुणाला मारत नाही. फक्त तिचं फाइन मोटर खूप वीक आहे."

"मोटर?" मी विचारलं.

"म्हणजे बोटांचे बारीक स्नायू. चिमटीत धरणं, मणी ओवणं, बटण लावणं. वर्गात बावीस मुलं आहेत सर. एकवीस जणांना स्वतःच्या ॲप्रनची बटणं लावता येतात."

"आणि मृण्मयी काय करते?"

"हात वर करून उभी राहते. कुणीतरी येऊन लावेल म्हणून."

मला हे लागलं. भर वर्गात, बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला असताना माणसाला काहीही फार लागतं. मी म्हणालो, "मॅडम, माझं अक्षर बघायला बाहेरच्या तालुक्यातून लोक येतात." हे खरं नव्हतं, पण त्या क्षणी तोंडातून गेलं. मॅडमनी मान डोलावली आणि पुढचं सांगितलं. वीस मार्चला छोटीशी चाचणी. ॲप्रनची चार बटणं, ज्याची त्याने लावायची. जमलं तर ज्युनिअर केजी. नाही जमलं तर अजून एक वर्ष नर्सरीतच राहू द्या, तिच्याच भल्यासाठी.

मनू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. शेजारी तिची नाजमीन. या दोघी एकाच डब्यात खातात, एकमेकींच्या वॉटरबॅगा गळ्यात घालतात आणि एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसते. घरी येताना स्कूटरवर पुढे उभी राहून मनूने विचारलं, "पप्पा, नाजमीन वर जाणार?"

शाळेची ज्युनिअर केजी पहिल्या मजल्यावर आहे, हे सांगायला हवं.

"जाणार ना."

"आणि मी खालीच?"

मी समोर कुणी नसताना हॉर्न वाजवला. ती रडली नाही, नुसती आरशाची दांडी धरून उभी राहिली. मी सिग्नलला हिरवा दिवा लागूनही तसाच थांबलो आणि मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

घरी आल्यावर बायकोने, ज्योत्स्नाने, उलटतपासणी सुरू केली. ती हायस्कूलला शिकवते, त्यामुळे घरातही तिचा तास चालूच असतो. "मनूची बटणं रोज कोण लावतं?"

"मी."

"मोजे? बूट? केळं कोण सोलतं? भात कोण भरवतं?"

"अगं, तिला उशीर होतो म्हणून..."

"पोरीला हात आहेत दोन, पण वापरते ती तुमचेच," ज्योत्स्ना म्हणाली आणि वह्या तपासायला निघून गेली. हे बोलणं मी मनावर घेतलं नाही असं मी तिला दाखवलं. खरं तर मृण्मयी हे नावही मीच ठेवलेलं. मृण्मयी म्हणजे मातीची. आणि पोरीला चार वर्षांत मी मातीला बोटही लावू दिलं नव्हतं. तिच्या दप्तराला सॅनिटायझरची बाटली मी नाडीने बांधून ठेवलेली असायची.

शाळेने एक छापील कागद दिला होता. वर लिहिलेलं: "हाताने करायचे संवेदी खेळ". धान्यात लपवलेल्या वस्तू शोधणे. ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढणे. कणीक मळणे. कपड्यांचे चिमटे लावणे. मी सरकारी माणूस, कागद आला की अंमलबजावणी आलीच. मी एक फाईल उघडली, वर विषय घातला, "कु. मृण्मयी हिच्या बोटांच्या बळकटीकरणाबाबत", आणि कामाला लागलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुकदेवरावांना याचा वास लगेच लागला. सुकदेवराव वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेत आणि आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देता येतो, अट एकच, तो विषय त्यांचा नसावा. ते म्हणाले, "नवीनराव, धान्यापासून सुरुवात करा. आमच्याकडे फॅक्टरीत हाताची सफाई म्हणजे काय असायची! जास्त सांगता येत नाही, गुप्त आहे."

मी टबात तूर, मूग, मटकी आणि चवळी ओतली, खाली कपाटाची किल्ली लपवली आणि मनूला म्हणालो, "शोध बरं!" मनूने टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात वर करून उभी राहिली. मी म्हटलं, थांब, एकदा करून दाखवतो. आठ सेकंदांत किल्ली शोधली. मनूने टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा लपवली, पुन्हा दाखवलं, पुन्हा टाळ्या. संध्याकाळपर्यंत माझी बोटं चांगलीच तयार झाली होती. त्यानंतर नऊ दिवस आम्ही मिश्र उसळ खाल्ली, कारण ज्योत्स्नाने निवडायला साफ नकार दिला.

मग आली वाळू.

आता जळगावात वाळू मिळत नाही असं नाही. ट्रकभर मिळते. मी दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, कमीत कमी एक ब्रास, शंभर घनफूट." मी म्हटलं, "मला एक परातभर हवी." त्याने माझ्या डोक्याला काही झालंय का अशा नजरेने बघितलं. आमच्या कोपऱ्यावर बांधकाम चालू आहे, तिथे ढीग पडलेला होता, पण त्या ठेकेदाराला आदल्याच महिन्यात मी कडक नोटीस काढलेली. त्याच्याकडे परात घेऊन कुठल्या तोंडाने जाणार?

"गिरणा नदीत जा," सुकदेवराव म्हणाले. "दोन पिशव्या भरा, या निघून. कोण विचारतंय?"

कोण विचारतं हे मला जेवढं माहीत होतं तेवढं जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. तरी गेलो. बापाचं काळीज, दुसरं काय! रविवारी सकाळी स्कूटर काढली, साड्यांच्या दुकानाच्या दोन कापडी पिशव्या घेतल्या, नदीत उतरलो, चांगली बारीक, स्वच्छ वाळू निवडून भरली आणि स्कूटरला दोन बाजूंनी लटकवून वर चढलो. वर जीप उभी होती. वाळूचोरी पकडणाऱ्या पथकाची.

जीपमधून योगराज उतरला. हा योगराज म्हणजे चार महिन्यांपूर्वी लागलेला तलाठी. पंचनामा कसा लिहायचा हे त्याला मीच शिकवलेलं, समोर बसवून, चहा पाजून. "वाहन लहान आहे म्हणून सोडायचं नाही, ओळखीचा आहे म्हणून तर अजिबातच सोडायचं नाही," हे शब्द माझे. पोरगं गुणी. त्याने माझा एक शब्द वाया जाऊ दिला नव्हता.

"सर," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं."

"लिही," मी म्हणालो. माणसाचा ताठा असा नको तिथेच उभा राहतो.

त्याने पंच म्हणून दोन म्हशीवाले बोलावले. म्हशी पाण्यात बसल्या आणि ते दोघे माझ्याभोवती. मग योगराज प्रयोजनाच्या रकान्यापाशी अडला. "सर, बांधकाम की भराव?"

"इतर."

"इतर काय लिहू?"

"मुलीच्या बोटांचा व्यायाम."

योगराजने पेन खाली घेतलं. "सर, हे लिहिलं तर वरचे म्हणतील, मी तुम्हाला वाचवायला काहीतरी रचलंय." त्याचंही बरोबर होतं. त्याने "बांधकाम" लिहिलं. मग प्रमाण. दोन पिशव्या म्हणजे किती ब्रास याचा हिशेब त्याला जमेना, तेव्हा तो मीच करून दिला: शून्य दशांश शून्य शून्य पाच. गडबडीत त्याने नुसतं "५ ब्रास" लिहिलं. पाच ब्रास म्हणजे दोन ट्रक. दोन ट्रक वाळू मी स्कूटरवरून नेत होतो! मी त्याच्या हातातून पेन घेऊन दशांश चिन्ह दिलं, शून्यं भरली, "पंचांसमक्ष" मधलं शुद्धलेखनही दुरुस्त केलं आणि मगच सही केली. स्कूटर तहसीलच्या आवारात जमा झाली, वाळू परत नदीत गेली, आणि मी पायी घरी आलो. डोक्यात हेल्मेट तसंच ठेवलं होतं, कुणी ओळखू नये म्हणून. उलट त्यामुळेच लोक वळून वळून बघत होते.

सोमवारी ते प्रकरण रीतसर माझ्याच टेबलावर आलं. मला द्यायच्या नोटिशीचा मसुदा मीच केला. सवयीने इतका कडक झाला की वाचून मलाच घाम फुटला. "सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल." मी जावक क्रमांक टाकला, मग पोच दिली.

आणि इकडे चाचणीला दहा दिवस उरलेले. मनू रोज शाळेतून आल्यावर बोटांवर मोजून विचारायची, "वर जायला किती दिवस?" मोजायला तिला येत होतं, त्याबद्दल शाळेची तक्रार नव्हती. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: नाजमीन जिना चढतेय आणि आमची मनू खाली हात वर करून उभी आहे.

शेवटी मी सासऱ्यांना फोन लावला. सासरे, तोताराम आबा, शिंदखेड्याकडे कपाशी करतात. त्यांच्या शेताला लागून नदी आहे, परातभर वाळू एसटीने कुणाच्या तरी हाती पाठवतील, असा माझा साधा विचार. (वाहतूक परवान्याचा विचार मी या वेळी मुद्दाम केला नाही.) आता आबांशी बोलायचं म्हणजे अहिराणीतून. मी जळगाव शहरात वाढलेलो, माझी अहिराणी म्हणजे जावयाची अहिराणी, सासऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललेली. त्यात आबांचा फोन शेतात, रेंज अशी की एक शब्द येतो आणि दोन वाऱ्यावर जातात.

"आबा, नमस्कार! पोरनी मोटर कमजोर शे!" मी ओरडलो, म्हणजे पोरीची मोटर कमजोर आहे.

"बोरनी मोटर?"

"हां, पोरनी! पोरनी मोटर! वाळू..."

"वाळू? मोटरमा वाळू गयी का?"

"वाळू पाह्यजे, आबा! थोडी! नाहीतर एक वर्ष वाया..."

"माले बठ्ठं समजनं, जवाईबापू!" आबा गरजले. "चिंता करू नका. नूर महंमदले धाडस मी!"

म्हणजे सगळं समजलं, नूर महंमदला पाठवतो. फोन कट. नूर महंमद म्हणजे वाळू घेऊन येणारा कुणीतरी असणार, असं धरून मी निश्चिंत झालो. जावई एवढा रडकुंडीला येऊन आपल्याशी आपल्या बोलीत बोलला, या आनंदात आबाही असणार.

नूर महंमद आला शुक्रवारी. मी ऑफिसात खुलासा लिहीत बसलेलो, ज्योत्स्ना तिच्या शाळेत. पुढचं मी ऐकून सांगतो आहे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर अवजारांचं पोतं. धुळे जिल्ह्यात विहिरी-बोअरच्या मोटारी भरण्यात, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवीन तार घालण्यात, त्याचा हात धरणारा नाही. त्याने गेटवर विचारलं, "नवीनसाहेबांच्या बोरची मोटर खराब आहे ना? आबांनी पाठवलंय."

गेटवर सुकदेवराव होते. तेच असणार. सोसायटीला बोअर एकच, बत्तीस फ्लॅटचं पाणी त्यावर. त्यांना वाटलं, नवीनराव सरकारी माणूस, याला आतून काहीतरी कळलं असणार, आणि आपल्याला न सांगता परस्पर मेकॅनिक बोलावला. मार्च महिना, पुढे उन्हाळा. त्यांनी लगेच चेन लावून दीडशे फुटांवरून पाइप आणि मोटर वर खेचायला लावली. नूर महंमदने मोटर तपासली आणि म्हणाला, "हिला तर काहीच झालेलं नाही."

"नवीनराव उगाच बोलणार नाहीत," सुकदेवराव म्हणाले. "चालू करून बघू."

"पाण्याबाहेर नका चालवू हां," असं बजावून नूर महंमद हात धुवायला गेला. तो येईपर्यंत सुकदेवरावांनी चालू करून बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं. ठणठणीत मोटर होती, धूर सोडून बसली.

संध्याकाळी मी रिक्षातून उतरलो तर पार्किंगमध्ये पाइप पसरलेले, मध्ये ती जळकी मोटर, आणि भोवती बत्तीस फ्लॅटमधली माणसं, प्रत्येकाच्या हातात बादली. सगळे माझ्याकडे वळले.

"नवीनराव," सुकदेवराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मोटर कमजोर आहे हे तुम्हाला कळलं कधी?"

मला वाटलं, मनूबद्दल विचारताहेत. भला माणूस, म्हटलं. "पालकसभेत कळलं."

"कुणी सांगितलं?"

"हुमा मॅडमनी."

"त्या मॅडमना बोअरमधलं काय कळतं?"

"बोअरमधलं कुठे? पोरीमधलं!"

बत्तीस बादल्या खाली टेकल्या. मग मी सगळं सांगितलं, फाइन मोटर, चार बटणं, वाळू, आबांचा फोन. नूर महंमद पोत्यावर बसून ऐकत होता. आधी त्याची दाढी हलायला लागली, मग खांदे, मग त्याला हसता हसता ठसका लागला आणि कुणाच्याच घरात पाणी नव्हतं. "आबा मला म्हणाले," तो डोळे पुसत म्हणाला, "जवाईबापू मोटरसाठी रडत होते फोनवर!"

बत्तीस कुटुंबं हसली. मीही हसल्यासारखं केलं. आतून मला असं झालं होतं की आत्ता जमीन दुभंगली तर परवानगीची वाट न बघता आत जावं.

मोटर भरायला दोन दिवस लागणार होते. शनिवार-रविवार. टँकर ठरला, नूर महंमदने पार्किंगमध्येच चटई टाकली. या कामाची रीत अशी की मोटारीचं लोखंडी नळकांडं आडवं ठेवतात, त्याच्या पोटात गोल ओळीने बारीक बारीक भोकं असतात. एका बाजूने कारागीर भोकात तार ढकलतो, दुसऱ्या बाजूला बसलेल्याने ती चिमटीत धरून ओढायची, वळवायची आणि शेजारच्या भोकातून परत द्यायची. असं शेकडो वेळा. दुसऱ्या बाजूला बसायला माणूस लागतो. नैतिक जबाबदारी म्हणून मी बसलो. पहिल्या पंधरा मिनिटांत मी तार तिरकी ओढून तिचं आवरण सोललं, दुसरी उलट्या भोकात घातली, आणि तिसरीला गाठ मारली.

"साहेब," नूर महंमद शांतपणे म्हणाला, "तुमचं काम कागदाचं."

मनू शेजारी उभी होती. मी हात पुसायला गेलो तेवढ्यात तिने वाकून एका भोकात बोट घातलं. "आत काय आहे?"

"बघायचंय? ये बेटा, इकडे बस," नूर महंमद म्हणाला.

मी धावलो. तार लागेल, ग्रीस लागेल, मनू, आधी सॅनिटायझर, फ्रॉक नवीन आहे! तोवर ती बसलीसुद्धा. नूर महंमदने पलीकडून तार ढकलली. टोक बाहेर आलं. मनूने टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात वर केले. मी पुढे झालो.

"साहेब, तुम्ही तिकडे पायरीवर जाऊन बसा," नूर महंमद म्हणाला. "तुम्ही समोर आहात तोवर ती तारेकडे बघणार नाही."

मला राग आला. माझी पोर, माझं पार्किंग, आणि मला पायरी? पण बत्तीस घरांचं पाणी त्याच्या हातात होतं. मी जाऊन पायरीवर बसलो. लांब. मनूने थोडा वेळ वाट बघितली, मग हात खाली घेतले. मग दोन बोटं पुढे आली. तार सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. अकरा वेळा सुटली, मी मोजलं. माझी स्वतःची बोटं इतकी शिवशिवत होती की मी पायरीचं सिमेंट उकरत होतो. नूर महंमद एका शब्दाने बोलत नव्हता, नुसता पलीकडून टोक धरून थांबला होता, जणू त्याला दुसरं कामच नाही. बाराव्या वेळी तार आली. मनूच्या तोंडातून "ओढली!" असा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

त्या क्षणी मला खरंच कळलं, लाज वाटण्याइतकं कळलं, की माझी पोर इतकी वर्षं माझी वाट बघत उभी होती आणि मला तेच तिचं प्रेम वाटत होतं.

रविवारी दुपारपर्यंत मनू हुकूम सोडायला लागली. "नूर नाना, सोडा! थांबा! आता ओढते!" हात कोपरापर्यंत काळे, केसांना ग्रीस. त्याच हातांनी तिने नूर महंमदच्या डब्यातली भाकरी तोडून खाल्ली, आणि मी ती बघून गप्प बसलो. ज्योत्स्ना माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही आजारी आहात का?" संध्याकाळी मोटर खाली सोडली, कळ दाबली, आणि बत्तीस घरांच्या नळांना पाणी आलं. नूर महंमदने पोतं आवरलं. "साहेब," तो जाता जाता म्हणाला, "तुमच्या पोरीची मोटरही बघितली मी. काही बिघाड नाही."

वीस मार्चला आम्ही रिक्षाने शाळेत गेलो, कारण स्कूटर अजून तहसीलच्या आवारात होती. पालकांना मागे त्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं होतं. मुलं एकेक करून पुढे. नाजमीनने चार बटणं चुटकीसरशी लावली आणि दाराशी जाऊन मनूसाठी थांबली. मग मनू. पहिलं बटण गेलं. दुसरं गेलं. माझे हात नकळत हवेत उठले आणि बटण लावल्यासारखे फिरायला लागले.

"मृण्मयीचे पप्पा," हुमा मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "हात खाली."

मी हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. तिसरं बटण, चौथं बटण. आणि चौथ्याला भोकच उरलं नाही! पहिलंच एक घर खाली लागलं होतं, ॲप्रन वाकडा, गळ्याशी एक भोक रिकामं. वर्गात दोन-तीन पालक हसले. मनूने खाली वाकून बघितलं. मी म्हटलं, आता हात वर करणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. एकेक करून चारही बटणं काढली, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, श्वास मोठा. घड्याळात सहा मिनिटं गेली असतील. माझी नोकरीची सोळा वर्षं त्यापेक्षा लवकर गेली. चौथं बटण गेलं, सरळ.

नाजमीन दाराशी उड्या मारायला लागली.

मॅडम कागद घेऊन मनूपाशी बसल्या. "किती छान! कुणी शिकवलं गं?" मी खुर्चीत सरळ झालो, कॉलर नीट केली.

"नूर नानांनी."

"आणि पप्पांनी काय केलं?"

मनूने विचार केला. "पप्पा लांब बसले," ती म्हणाली. अभिमानाने म्हणाली, जणू हे सगळ्यांच्या पप्पांना जमत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि कागदावर "पालकांचा सहभाग" अशी ओळ होती तिथे लिहिलं: उत्कृष्ट. माझ्या गोपनीय अहवालात आजवर "चांगला" याच्या वर कधी काही आलेलं नाही. मी तो कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसले, उघडपणे, सगळ्यांसमोर.

बाहेर आलो. मनू आणि नाजमीनचं ठरलं होतं की उद्या जाऊन वरचा वर्ग बघायचा. मनू पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावायला लागली. पट्टा कडीत जाईना. गेला की सुटे. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग तो उतरून आला आणि वाकून तिच्या सँडलला हात लावायला लागला. "साहेब, लावून द्या ना पोरीचं, किती वेळ?"

मी त्याचा हात धरून बाजूला केला.

"भाऊ," म्हटलं, "गाडी बंद करा. अजून दुसरा पाय बाकी आहे."